बस्ता, निऱ्या आणि माझं आजचं माप

छाती ४८, कंबर ४४, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ५४, दंड साडेसतरा इंच. उंची पाच फूट तीन. ही माझी मापं, आणि मार्गशीर्षात माझं लग्न आहे.

मापं सुरुवातीलाच लिहिली, कारण गेले काही महिने मी मोबाइलवर जाड नवरीच्या कपड्यांबद्दल जे जे शोधलं त्यात एकीनेही स्वतःची मापं दिलेली सापडली नाहीत. गडद रंग घ्या, बारीक काठ घ्या, आत्मविश्वास बाळगा, एवढंच सगळीकडे. मला हवी होती ती उत्तरं वेगळीच होती. ५४ इंची घेराला सहावारीच्या निऱ्या किती येतात? दोन-दहाची हिरवी बांगडी मिळते का? ऐंशी सेंटिमीटरच्या ब्लाउज पीसमध्ये माझं ब्लाउज बसतं का, आणि नसेल बसत तर काय करायचं? आता यातली बरीच उत्तरं माझ्याकडे आहेत, म्हणून लिहितेय. माझ्यासारख्या अंगाची कुणी मुलगी लग्नाच्या खरेदीला निघाली असेल तर तिला निदान ही माहिती तरी मिळावी.

मी बांधकामाच्या कंपनीत एस्टिमेशनचं काम करते. खोली आहे तेवढी मोजायची, कापताना वाया जाणारं धरायचं आणि मग सामान मागवायचं, हे माझं रोजचं काम. घरात मात्र सगळं उलट चाललं होतं. आधी वजन उतरव, मग माप देऊ. मामींनी एका जिमचा नंबर पाठवला, तिथे नवरीसाठी खास पॅकेज होतं. मावशी रोज सकाळी जिऱ्याच्या पाण्याबद्दल मेसेज करायची. आणि आई म्हणायची, "घाई कशाला? दिवाळीपर्यंत पाच-सात किलो उतरतील, मग टाकू ब्लाउज शिवायला."

मला थायरॉइडचा त्रास आहे, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. माझ्या वजनाचं मी आणि माझ्या डॉक्टर बघतो, नीट बघतो. लग्नाच्या तारखेशी त्याची गाठ मारायला मी तयार नव्हते. पण आईला पटलं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. मी तिला म्हटलं, ब्लाउज सैल झालं तर दोन शिवणी आत घेतल्या की झालं, तासाभराचं काम. घट्ट झालं तर बाहेर काढायला आत कापड लागतं, ते कुठून आणणार? म्हणजे आजचं माप हेच धोका नसलेलं माप आहे. आई स्वतः अर्धं आयुष्य मशीनवर फॉल-पिको करत आली आहे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ते बरोबर आहे."

पितृपक्ष लागायच्या आत बस्ता उरकायचा असं दोन्ही घरांत ठरलं. त्यामुळे गणपतीच्या आधीची गर्दी, रस्त्यात मांडवांचे बांबू, अधूनमधून पावसाची सर, आणि त्यातून आम्ही सगळ्या पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याला. सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई साताऱ्याहून आल्या होत्या. मंडईला गाडी लावायला जागा मिळणं अशक्य, म्हणून आम्ही स्वारगेटलाच गाडी ठेवून मेट्रोने गेलो. मंडई पुढचंच स्टेशन.

पहिल्या दुकानात चपला काढून गादीवर बसलो. विक्रेत्याने विचारलं, "नवरी कोण?" मी हात वर केला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढ्यात साड्या पडू लागल्या: वांगी, काळपट मरून, गडद मोरपंखी, परत वांगी. सगळ्यांना बोटभर काठ. "यात जाडी दिसत नाही ताई," तो समजावून सांगत होता. मावशी मान डोलावत होती. आईने तर त्यातली एक वांगी साडी स्वतःसाठी बाजूला काढायला सांगितली. मी म्हटलं, मला पोपटी अंगाची, राणी काठाची पैठणी बघायची आहे, काठ रुंद हवेत. तो म्हणाला, दाखवतो, पण शोभेल का बघा. तेव्हा सासूबाई बोलल्या, "अहो, लग्न तिचं आहे. तिला काय आवडतंय ते काढा ना." पैठणी त्यांच्याकडून होती, त्यामुळे पुढे कुणी काही बोललं नाही. त्या दुकानात मनासारखी मिळाली नाही. पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे, आणि हे त्यांना सांगितलंही आहे.

साडी मिळाली ती पुढच्या एका जुन्या दुकानात. तिथले विक्रेते वयाने मोठे, सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, पैठणीची घडी खांद्यावर टाकली आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. म्हणाले, "काठ रुंदच घ्या. तुमच्या अंगाला बारीक काठ दिसतच नाही, नुसतं एका रंगाचं कापड दिसतं." मग सेमी पैठणी आणि येवल्याची हातमागावरची अशा दोन्ही माझ्या हातात दिल्या. सेमीचं कापड कडक होतं, कमरेशी धरलं की फुगून उभं राहायचं. हातमागाचं रेशीम अंगावरून खाली उतरत होतं. किमतीत मोठा फरक होता हे खरं, पण फुगणारं कापड आपल्या अंगावर आणखी दोन इंच वाढवतं, तेव्हा हा खर्च करण्यासारखा आहे असं माझं मत. (पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, धागे लोंबत नाहीत.) सेमीच घ्यायची असेल तर निदान हातात चुरगाळून मऊ आहे का ते पाहा.

पैसे द्यायच्या आधी त्या काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खरेदीत तीच सगळ्यात मोलाची. "ब्लाउज पीस कापू नका. साडीलाच राहू द्या."

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. कमरेचा पहिला वेढा, परकरासकट धरून, माझा ४६ इंच. निऱ्यांनंतर दुसरा वेढा सीटवरून जातो, तो ५४. तिथून छातीवरून खांद्यापर्यंत ३०. मागे सोडलेला पदर ४५. बेरीज १७५. निऱ्यांसाठी उरले ४१ इंच. पाच इंच रुंदीची एक निरी दहा इंच कापड खाते, म्हणजे माझ्या वाट्याला चार निऱ्या. माझ्या चुलत बहिणीची कंबर ३०, सीट ३८. तोच हिशेब तिच्यासाठी केला तर ७१ इंच उरतात आणि सात निऱ्या येतात. साडी तीच, दुकान तेच. मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं की मला साडी नीट नेसता येत नाही, निऱ्या कशा तरी चारच होतात आणि चालताना फाकतात. माझं नेसणं ठीकच होतं, कापड कमी पडत होतं.

आता ब्लाउज पीस साडीलाच ठेवला तर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे ३१ इंच वाढतात. तीन निऱ्या जास्त. चाराच्या सात. पीस साडीच्या आतल्या टोकाला असेल तर तो पहिल्या वेढ्यात खोचला जातो, वरून दिसत नाही, वेगळ्या रंगाचा असला तरी काही बिघडत नाही. पदराच्या बाजूला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, तेव्हा साडी उलगडून पीस कुठे आहे ते दुकानातच बघा. फॉल-पिकोला देताना "कापू नका" हे चिठ्ठीवर लिहून साडीला टाचा. दुकानात आणि पिकोवाल्याकडे सवयीने कात्री चालते. आणि तसंही ऐंशी सेंटिमीटरमध्ये कोपरापर्यंत बाहीचं ४८ छातीचं ब्लाउज होत नाही. मी ब्लाउजसाठी रविवार पेठेतून राणी रंगाचं रॉ सिल्क सव्वा मीटर घेतलं.

रिसेप्शनच्या कपड्यांबद्दल फार लिहायची इच्छा नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या दुकानात आम्ही वेळ ठरवून गेलो होतो. लेहेंग्यांचे सगळे नमुने मध्यम मापाचे. अंगावर चढवून बघण्यासारखं एकही नाही, नुसतं पुढे धरून बघायचं. अर्धवट शिवलेल्या लेहेंग्यांवर कंबर ४२ पर्यंत असं लिहिलेलं. तिथली मुलगी विशीतली असेल. मी एक चोळी हातात घेतली तर पटकन म्हणाली, "मॅम, ती नका घालू, उसवेल." आणि मग हळूच, "लग्नापर्यंत कमी होईल ना पण?" तिला दुखवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. ज्या दुकानाचा सगळा धंदा नवऱ्या मुलींवर चालतो, तिथे माझ्या मापाचा एक नमुना ठेवायला काय हरकत आहे? माझ्या ऑफिसात, सोसायटीत, नात्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. त्यांचीही लग्नं होतात, त्याही पैसे देऊनच कपडे घेतात. रिसेप्शनचा घागरा मी आता कळ्यांचा शिवून घेतेय, नेफ्यात नाडी आणि बाजूला हुक. जायच्या आधी फोन करून "४८ छातीचं घालून बघायला काय आहे?" एवढा एक प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आलं तर जाऊ नका.

मामाकडची पिवळी साडी नऊवारी आहे. गौरीहराला आणि मंगलाष्टकांना तीच. शिवलेली नऊवारी घ्यावी असा सगळ्यांचा आग्रह होता, पटकन घालता येते म्हणून. मी एक घालून बघितली. उभं राहीपर्यंत ठीक होती. पाटावर मांडी घातल्याबरोबर काष्ट्याची शिवण अशी ओढली गेली की मी तशीच उठले. शिवलेल्या नऊवारीत काष्ट्याची खोली ठरलेली असते, आणि ज्याची सीट मोठी त्याला बसताना तिथेच कापड कमी पडतं. तेव्हा न शिवलेली नऊवारी नेसायची ठरवली. नेसवणाऱ्या ताईंना फोन केला तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "घेर किती?" असा सरळ प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. ५४ म्हटल्यावर म्हणाल्या, "मग पदर कमरेपर्यंतच ठेवू, वाचलेलं कापड निऱ्यांना आणि काष्ट्याला. पोटऱ्या उघड्या राहायला नकोत." आजीच्या जुन्या सुती नऊवारीवर त्यांनी घरी येऊन एकदा नेसवून दाखवली. मी तीत बसले, उठले, जिना उतरले, वाकून नमस्कार केला. सगळं जागेवर राहिलं. आत गुडघ्यापर्यंतची सुती घट्ट चड्डी घालायची, हा त्यांचाच सल्ला. नऊवारीत मांड्या एकमेकींना घासतात, दोन तासांत कातडी सोलवटते आणि मग नवरी सप्तपदीला लंगडते. हे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

चुड्याचंही तसंच. बांगडीचं माप म्हणजे दोन इंच आणि वर इतके सोळांश. दोन-आठ म्हणजे अडीच इंच व्यास, दोन-दहा म्हणजे दोन आणि पाच अष्टमांश. अंगठा तळहातात दुमडून पंजाच्या सगळ्यात रुंद भागावरून टेप गुंडाळायचा आणि येईल त्याला ३.१४ ने भागायचं. माझे सव्वाआठ इंच आले, म्हणजे दोन-दहा. मनगट कितीही असो, बांगडी अडते ती या हाडांशी. तुळशीबागेत दर्शनी भागात टांगलेले चुडे दोन-चार आणि दोन-सहाचे. दोन-दहा मागितल्यावर आतून खोके निघाले, आणि त्यात हवा तो हिरवा रंग मिळायला बरीच दुकानं फिरावी लागली. चुडा भरायला कासारीणबाई घरी येणार आहेत, त्यांना माप आधीच कळवलं आहे. नाहीतर सगळ्या बायकांच्या घोळक्यात साबण लावून हात दाबत बसायचं, आणि बांगडी पिचली की अपशकुन म्हणून कुजबुज. ती वेळ येऊच द्यायची नाही. कमरपट्ट्याला मागच्या साखळीत चार कड्या वाढवून घेतल्या, सोनाराने तिथल्या तिथे जोडून दिल्या.

ब्लाउज शिवणाऱ्या काकू नारायण पेठेत राहतात, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. लाकडी जिना, खिडकीशी मशीन, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी पॅटर्न. त्यांच्याकडे आई माझ्याबरोबर आली होती. काकूंनी टेप कमरेभोवती आणला आणि मी सवयीने श्वास आत घेतला. त्यांनी टेप सोडून दिला. "श्वास सोड. पोट आत ओढू नकोस. होमासमोर दोन-तीन तास असंच धरून बसणार आहेस का?" मी श्वास सोडला. त्यांनी पुन्हा माप घेतलं आणि आकडा वहीत मोठ्याने म्हणत लिहिला. माझं माप कुणी इतक्या सहजपणे मोठ्याने म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी मला जे शिकवलं ते प्रत्येक जाड मुलीला माहीत असायला हवं. छाती ४८ म्हणजे पुढे २४ आणि मागे २४ असं नसतं. माझी पुढे २६ आहे, मागे २२. बाजारातली मोठ्या मापाची तयार ब्लाउजं सगळीकडून सारखी वाढवलेली असतात, खांदाही वाढवतात. पण छाती वाढली म्हणून खांद्याचं हाड रुंद होत नाही. माझा खांदा साडेपंधरा इंचच आहे. म्हणून तयार ब्लाउज माझ्या खांद्यावरून घसरतं आणि पुढे तरीही हुकांशी ताणलेलंच राहतं. दुसरं, मुंढा, म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात ती काखेजवळची गोलाई. आपल्याला वाटतं दंड जाड आहे तर मुंढा खोल हवा. काकू म्हणाल्या, उलट. मुंढा खोल कापला की हात वर केल्याबरोबर अख्खं ब्लाउज वर सरकतं. मुंढा काखेच्या जवळ ठेवायचा आणि बाही रुंद कापायची. दंडाचं माप त्यांनी हात सरळ ठेवून घेतलं, मग कोपरात वाकवून घेतलं. साडेसतराचे सव्वाअठरा झाले. बाही एकोणीसची ठेवणार आहेत. "हार घालायचाय ना त्याच्या गळ्यात? तो किती उंच आहे?" सहा फूट, मी म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात डोक्याच्या वर धरायला लावले आणि काखेपासून कमरेपर्यंत पुन्हा टेप लावला.

अस्तर सुती, आधी धुऊन घेतलेलं, म्हणजे नंतर आकसत नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड-दीड इंच कापड आत. हुक पुढे, जवळजवळ. टक (छातीला आकार द्यायला घेतलेल्या टोकदार चिमट्या) न घेता प्रिन्सेस कट, म्हणजे लांब उभ्या शिवणींनी आकार, कारण माझ्या मापाला टकांची टोकं नीट बसत नाहीत. आणि रॉ सिल्कला कात्री लावायच्या आधी त्या मांजरपाटाचं कच्चं ब्लाउज करून बघणार आहेत. ते घालून मला खाली बसायला, वाकायला आणि हात वर करायला लावणार. शिलाई इतरांपेक्षा जास्त आहे. मला ती जास्त वाटत नाही.

एवढं होईस्तोवर आई खिडकीशी गप्प बसली होती. आई गेली कित्येक वर्षं शिंप्याला एक जुनं ब्लाउज देते आणि "याच मापाचं" म्हणते. ते ब्लाउज माझ्या शाळेतल्या दिवसांतलं आहे. प्रत्येक कार्यात जेवण झालं की ती पदराआडून खालचे दोन हुक काढते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशीही पिशवीत तिने तेच ब्लाउज आणलं होतं. काकूंनी टेप गुंडाळायला घेतला तशी ती उठली.

"माझंही घ्या," म्हणाली. "अंगावरूनच घ्या."

काकूंनी वहीचं पान उलटलं. ४६, ४५, ५२. आई प्रत्येक आकड्याला "बरं" म्हणत होती. परत येताना जिन्यातच तिने मला सांगितलं की ती वांगी साडी परत करता येईल का ते दुकानात विचार. तिला आता आंबा रंगाची हवी आहे, हिरव्या काठाची, आणि काठ चांगले चार बोटं तरी रुंद. पितृपक्षाला अजून आठवडा आहे, शनिवारी जातोय आम्ही दोघीच.